मदत हवी आहे: एदोच्या गेमचे मराठी संवाद तपासायला

इंदूरकरांनो, एका गेमचे संवाद तपासून हवे आहेत. काळ १७५० च्या आसपासचा, गाव एदो, म्हणजे आजचं टोकियो.

ढोबळ चुका पकडल्यात. काम वाचावं म्हणून पात्राचं मॉडेल आरशासारखं उलटवलं, की किमोनोची उजवी बाजू डावीच्या वर येते. जपानात तसा किमोनो प्रेताला घालतात! शिवाय डाव्या कमरेची तलवार उजवीकडे जाते. म्हणून गर्दीतली माणसंही उलटवलेली नाहीत, केस आणि रंग तेवढे बदललेत. वेळ सांगणाऱ्या घंटेचे टोलही तेव्हाच्या जपानी पद्धतीने ठेवलेत: पहाटे ६, मग ५, ४, मध्यान्हीला ९, पुढे ८, ७ आणि संध्याकाळी पुन्हा ६. दिवसाचे हे सहा भाग ऋतूप्रमाणे लांबतात-आखडतात, त्यामुळे टोल सूर्योदय-सूर्यास्ताला बांधलेत. संवादात कुठे ‘दहा वाजता भेटू’ राहिलं असेल तर कळवा.

अडलंय ते बोलण्यात. ‘सामा’चं (जपानीत नावापुढे लावायचा आदराचा शब्द) ‘महाराज’ केलं की थेट होळकरांचा दरबार उभा राहतो, ‘साहेब’ केलं की कचेरी. नुसतं ‘आपण’ आणि क्रियापदावर भागवावं का? दुसरं म्हणजे, एक दुकानदार ओसाकाकडचा आहे आणि त्याची बोली एदोकरांहून वेगळी. त्याला आपली हिंदीच्या वळणाची इंदुरी मराठी द्यावी, असं एक मत. पण मग ऐकणाऱ्याला ओसाकाऐवजी इंदूरचा सराफा बाजार दिसणार!

एकूण ४० वाक्यं आहेत. जपानी येणारं कुणी असेल तर उत्तम, नाहीतर कान तयार असलेलं माणूसही चालेल.