मदत हवी आहे: नेक सायझिंगच्या पाचव्या फेरीला बोल्ट जड बसतोय

.३०८ विंचेस्टर, बोल्ट अ‍ॅक्शन. पुन्हा भरायच्या सगळ्या पुंगळ्या (काडतुसांची पितळी कवचं) याच रायफलमध्ये झाडलेल्या, चार वेळा फक्त नेक सायझिंग (डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून फक्त मान आवळणं). आता सायझिंग केलेली रिकामी पुंगळी घातली तरी बोल्टची मूठ शेवटी जोर लावून खाली करावी लागते. लांबी २.००८ इंच, म्हणजे कमाल २.०१५च्या आत. फुल लेंग्थ सायझिंग (मान, खांदा, अंग सगळंच आवळणं) करू का? नेमकेपणा जाईल का? पुंगळ्या लवकर फाटतील का?

दोन_थाऊ:
करा. नेक डाय फक्त मान आवळते. अंग आणि खांदा दर बाराला फुगत जातात, पितळ कडक होतं, आणि तीन-चार-पाच बारांत पुंगळी चेंबरला घट्ट बसते. (बोल्ट लावताना जड तर माप चुकलंय; बार झाल्यावर उघडताना जड तर आधी दाब तपासा. दोन्हींत गल्लत नको.)

प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) काढून मगच कंपॅरेटरने (कॅलिपरला लावायचं मापाचं साधन) बुडापासून खांद्यापर्यंत माप घ्या, नाहीतर प्रायमरची कड एखादा थाऊ (इंचाचा हजारावा भाग) खोटा दाखवते. डाय शेलहोल्डरला (प्रेसमध्ये पुंगळीचं बूड धरणारा तुकडा) टेकेपर्यंत आवळू नका, एक आटा वर ठेवून सुरू करा. सुरुवातीला माप उलट वाढेल आणि बोल्ट आणखी अडेल. अंग आवळल्यावर पितळ पुढे सरकतं, त्यामुळे खांदाही पुढे जातो. घाबरू नका, थोडं थोडं खाली या. डायचे आटे इंचाला १४, म्हणजे २ थाऊसाठी जेमतेम १० अंश फिरवायचं. फायरिंग पिन आणि इजेक्टर काढलेल्या बोल्टची मूठ आपल्या वजनाने खाली पडली की थांबा, लॉकरिंग (डाय जागी धरणारी रिंग) आवळा. खांदा १-२ थाऊ मागे, बस्स. सेमी-ऑटोला ३ ते ५ लागतात.

कॅलिपर:
फाटण्याबद्दल: दोष फुल लेंग्थचा नाही, खांदा ७-८ थाऊ मागे ढकलण्याचा. मग दर बाराला पुंगळी बुडाच्या जरा वर ताणली जाते, तिथे आतून खाच पडते आणि एक दिवस बूड वेगळं होतं. पेपरक्लिपचं टोक वाकवून घासून धारदार करा, आतल्या भिंतीवरून बुडाकडून वर ओढा. अडखळलं तर पुंगळी भंगारात.

नेमकेपणा सहसा बिघडवतो तो एक्सपांडर बॉल (डायमधला, मान आतून रुंदावणारा गोळा). कोरड्या मानेतून खसकन वर येताना मान वाकडी करतो. मानेत आतून थोडं ग्राफाइट लावा, किंवा बॉल काढून बुशिंग डाय (मान आवळणारं कडं बदलता येतं ती) घ्या: भरलेल्या काडतुसाची मान बाहेरून ०.३३४ असेल तर बुशिंग ०.३३२.

धागाकर्ता:
वंगण किती लावू?

कॅलिपर:
अंगावर बोटाने पुसट थर, खांद्यावर जवळजवळ नाहीच. तिथे साचलं तर खांद्याला खळगे पडतात. अजिबात नाही लावलं तर पुंगळी डायमध्ये अडकते, शेलहोल्डर नुसती कड उपटून आणतो. आणि लांबी सायझिंग झाल्यावर पुन्हा मोजा, २.००८ राहणार नाही. २.०१५च्या पुढे गेली तर २.००५ला कापा.