कलालाऊ दरी (कौआई, हवाई): परमिट आहे, बाकीचं सांगा

डोंगरवेडी:
जूनअखेर दोघं जातोय, ३ रात्री. कॅम्पिंग परमिट हातात आहे. वाट ११ मैलांची, म्हणजे साधारण १८ किमी. एका दिवसात उरकावी की मध्ये मुक्काम करावा? गाडी आणि पाण्याचं काय? सोबत सासूसासरे आहेत, ते चालणार नाहीत. त्यांना दरी कुठून दिसेल?

भटक्या७:
कॅम्पिंग परमिट असलं की हाएना पार्कात (वाट जिथून सुटते ते) वेगळा प्रवेश काढावा लागत नाही, पण रात्रभराचं पार्किंग त्यात धरलेलं नसतं. ते वेगळं आरक्षित करा, नाहीतर शटल. इथेच बहुतेक जण अडकतात.

वाट केए किनाऱ्यावरून सुटते. २ मैलांवर हनाकापीआई, ६ वर हनाकोआ, मग थेट कलालाऊ. तंबू फक्त शेवटच्या दोन ठिकाणी लावता येतो. सॅक १२ किलोच्या वर गेली तर जाताना हनाकोआला एक रात्र काढा. त्यापुढे सावली संपते आणि उरलेले ५ मैल भर दुपारी अंगावर येतात. सातव्या मैलानंतरचा अरुंद कडा कोरडा असताना सोपा आहे. पाऊस किंवा जोराचा वारा असेल तर थांबायचं. दरीत उतरताना शेवटी लाल मातीचा उतार आहे, तिथे काठी हवीच.

गॅसचा डबा विमानात चालत नाही. बेटावर उतरल्यावर घ्या. शेकोटीला बंदी आहे.

ओढाकाठ:
हनाकापीआई, हनाकोआ, कलालाऊ या तिन्ही ओढ्यांना अचानक लोंढा येतो. पाऊस वर डोंगरात पडतो, त्यामुळे किनाऱ्यावर ऊन असतानाही पाणी चढतं. गढूळ झालं, आवाज वाढला की उतरू नका. बहुधा काही तासांत ओसरतं. ओलांडताना सॅकचा कमरपट्टा सोडून ठेवा, पाय घसरला तर सॅक टाकता आली पाहिजे. एप्रिल २०१८ मध्ये याच किनाऱ्यावर २४ तासांत सुमारे ५० इंच पाऊस पडला होता आणि ही वाट वर्षाहून अधिक काळ बंद होती.

पाणी वाटेत मिळतं, पण लेप्टोस्पायरोसिसचा धोका आहे. गाळून उकळा. पायाला जखम असेल तर झाकूनच पाण्यात उतरा. आणि हनाकापीआईच्या समुद्रात पोहू नका, तिथली पाण्याची ओढ फार वाईट.

भटक्या७:
सासूसासऱ्यांसाठी कोकेए पार्कातला कलालाऊ लुकआउट. सुमारे ४,००० फुटांवर, गाडी जवळपर्यंत जाते. सकाळी लवकर पोचा, नंतर ढग दरी भरून टाकतात. तिथून खाली वाट नाही, आणि ‘ना पाली’ किनाऱ्यालगत (तुमची वाट जाते तोच किनारा) रस्ताच नसल्यामुळे केएहून तिकडे जायला जवळजवळ अख्ख्या बेटाला वळसा पडतो. म्हणजे त्यांचा दिवस वेगळा ठेवा.

ओढाकाठ:
दरीत जुने दगडी बांध दिसतील. ते अळूच्या खाचरांचे, तिथलं मुख्य पीक तेच होतं. त्यांवर चढू नका, दगड रचलेले आहेत, निसटतात.