प्रतिसाद: काच घासायची की बदलायची?
जुन्या गाडीच्या दाराच्या काचेवरचे ओरखडे आणि पुढच्या काचेच्या कडेची पांढरट झाक, दोन्ही पॉलिशने जातील असं मूळ पोस्टमध्ये लिहिलंय. पहिलं जमेल, दुसरं नाही. ती झाक काचेवर नसतेच. पुढची काच म्हणजे दोन काचा आणि मधे प्लास्टिकचा थर; त्या थराने कडेला पकड सोडलेली असते. तिथे काच बदलावीच लागते.

ओरखड्यावरून नख फिरवा. अडकलं नाही तर सेरियम ऑक्साइड (काच घासायची बारीक पूड), पाणी आणि फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती पुरते. एकाच जागी रेटत बसलात तर काच तापते, शिवाय खळगा पडून पलीकडचं वाकडं दिसतं. म्हणून पुढच्या काचेवर मी हा खेळ करतच नाही. आणि दाराची टफन्ड (तापवून कडक केलेली) काच कापून बेतता येत नाही, चुरा होतो.

जुन्या पोर्श ९११सारख्या रबरात बसणाऱ्या काचेला रबर आधी काचेवर चढवा, रबराच्या पत्र्यावर बसणाऱ्या खाचेत दोरी घाला, साबणाचं पाणी लावा. मग एकाने आतून दोरी हळूहळू ओढायची, दुसऱ्याने बाहेरून तळहाताने दाबायचं. एकट्याने करू नका, मी करून पस्तावलोय!

जुनी काच टाकण्याआधी कोपऱ्यातला शिक्का बघा. ट्रिप्लेक्स या ब्रिटिश कंपनीच्या काचांवर ठिपक्यांनी तारीख दिलेली असते; गाडीच्या सालाशी जुळली तर ती बहुधा मूळचीच काच, थोडे ओरखडे चालवून घ्या.