ओपीच्या जंगलाजवळची धाव: विंगरची की अधिकाऱ्याची?

मैदानवेडा
जॅक हॅरिसन, इंग्लंडमधल्या हल एफसी या रग्बी क्लबचा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारा गडी. 1913-14 च्या एका हंगामात 52 ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की एक ट्राय), क्लबचा हा विक्रम अजून अबाधित आहे. ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या 11व्या बटालियनचा हा सेकंड लेफ्टनंट 3 मे 1917 च्या पहाटे फ्रान्समधल्या ओपी इथे मशीनगनवर एकटा धावून गेला. परत आला नाही. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. माझ्या मते ती धाव विंगरचीच. एका बाजूला टचलाइन, म्हणजे मैदानाची कडेची रेषा, समोर अंगावर येणारे बचावपटू. पाय अडखळला की रेषेबाहेर गेलातच. हलसाठी 116 सामन्यांत 106 ट्राय मारणाऱ्याच्या अंगात हे मुरलेलं असतं.

खंदक
अजिबात पटलं नाही. व्हिक्टोरिया क्रॉसचं मानपत्र सुरुवातीपासून वाचा. अंधार, दोन्हीकडच्या तोफांचा धूर, पुढे काळोखं जंगल. ब्रिटिशांचा स्वतःचा तोफमारा जर्मन खंदकावरून पुढे सरकला की नाही, तेच दिसत नव्हतं. सगळं गणित त्यावरच असतं: लवकर निघालात तर आपल्याच गोळ्यांखाली सापडता, उशीर झाला तर शत्रू भुयारातून वर येऊन मशीनगन मांडतो. पहिला हल्ला फसला. हॅरिसनने दोन खंदकांमधल्या उघड्या जमिनीवरच उरलेली माणसं गोळा केली आणि पुन्हा चाल केली. तीही फसली. एकट्याची धाव त्यानंतरची. या माणसाचं मोठेपण मला त्या मधल्या जमवाजमवीत दिसतं, आणि नेमकी तीच गोष्ट सगळे एका वाक्यात उरकतात.
शिवाय हातात पिस्तूल आणि मिल्स बॉम्ब, म्हणजे हातगोळा. बॉम्ब साधारण दीड पौंडाचा, लिव्हर सुटल्यावर 5 सेकंदांत फुटणारा. तो कोपर न वाकवता, गोलंदाजी करतात तसा टाकायचा. 30 यार्डांपलीकडे क्वचितच जातो. म्हणजे तेवढं जवळ जाणं भागच होतं. हे प्रशिक्षण आहे, रग्बी नव्हे.

मैदानवेडा
बॉम्ब टाकायला कुणालाही शिकवता येतं हो. पण ते 30 यार्डांचं अंतर गाठायला पाय लागतात, आणि तेही खड्ड्याखड्ड्यांच्या जमिनीवर.

खंदक
मग आपल्या यशवंत घाडग्यांचं काय? 10 जुलै 1944, इटली, मराठा लाइट इन्फन्ट्री. सोबतचे जवळजवळ सगळे पडले, तरी मशीनगनवर एकटे धावून गेले. ग्रेनेडने गन बंद पाडली, टॉमीगनने (हातातल्या छोट्या मशीनगनने) एकाला टिपलं, मॅगझिन बदलायला उसंत नव्हती म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. तिथे कुठला विंगर होता?

तेरावा_गडी
विंगर म्हणजे नुसता वेग, हे तुम्ही दोघांनीही गृहीत धरलंय. हॅरिसनच्या संघात बिली बॅटन होता, 1913 मध्ये 600 पौंड मोजून आणलेला सेंटर, म्हणजे विंगरच्या आतल्या बाजूला खेळणारा गडी. असा सेंटर दोन बचावपटू अंगावर ओढून घेतो, तेव्हा विंगरला वाट मिळते. ओपीला अशी वाट करून देणारं कुणी नव्हतं.
पण खंदक, तुमची जमवाजमवही या खेळातली आहे. नॉर्दर्न युनियनने, म्हणजे हल ज्यात खेळायचा त्या रग्बीच्या संघटनेने, 1906 मध्ये संघ 15 वरून 13 चा केला आणि पकडलेल्या गड्याने उठून पायाने चेंडू पुन्हा खेळात आणायचा, असा नियम आणला. पडा, उठा, रांग लावा, पुन्हा चढाई. सामन्यात हे किती वेळा होतं, मोजून बघा.

खंदक
हा मुद्दा वजनदार आहे, मान्य. तरी एक राहतंच: त्या पहाटे माणसं त्याच्या हाताखाली होती ती तो अधिकारी होता म्हणून. आणि अधिकारी झाला तो शिक्षणामुळे. यॉर्कच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकलेला शाळामास्तर होता तो. 52 ट्राय मारल्या म्हणून कुणी कमिशन, म्हणजे लष्करातलं अधिकारीपद, देत नव्हतं.

मैदानवेडा
कमिशनचं मान्य. धावेचं नाही. मानपत्र लिहिणाऱ्यानेही तिथे 'धाव'च लिहिलीय.