भिंतीतली एचडीएमआय केबल गेली, आता भिंत फोडायची का?

बाणेरची_नवखी:
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. आमच्या फ्लॅटमध्ये टीव्हीची एचडीएमआय केबल भिंतीतून टाकलेली आहे, टीव्हीच्या मागून निघून वळून पलीकडच्या कपाटापर्यंत, १० मीटर तरी असेल. सेट टॉप बॉक्स, होम थिएटरचा रिसीव्हर, मुलाचं प्लेस्टेशन सगळं त्या कपाटात. दोन वर्षं काही कटकट नव्हती. गेल्या आठवड्यात सुतार टीव्हीखाली एक फळी ठोकून गेला आणि त्याच संध्याकाळपासून चित्रावर पांढरे ठिपके चमचमतात, मधेच स्क्रीन काळा होतो, दोन सेकंदांनी परत येतो. सुतार म्हणतो माझा काय संबंध. इलेक्ट्रिशियन बघून गेला, म्हणे मॅडम झिरी मारू, केबल उघडी करू, तुटली असेल तिथे जॉइंट मारून देतो, दोन तासांचं काम. अहो रंग मे महिन्यातच काढलाय आणि गणपतीला अख्खं सासर यायचंय! भिंत न फोडता काही होईल का?

पेठेतला_काका:
जॉइंट अजिबात मारू देऊ नका. पंख्याच्या दोन वायरी पिळून टेप गुंडाळली की झालं, असं नसतं हो हे. १९ पिनांची केबल आहे, आत चित्र नेणाऱ्या वायरींच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीचा पीळ आणि दोन तारांतलं अंतर मोजून ठरवलेलं. ४के ६० हर्ट्झला सेकंदाला जवळपास १८ गिगाबिट जातात त्यातून. हाताने मारलेल्या जॉइंटमधून ते जायचं नाही, दोन तास जातील आणि रंगही जाईल.
आधी केबलच गेलीये ना ते बघा. एक छोटी केबल घेऊन बॉक्स थेट टीव्हीला लावा. ते नीट चाललं तर परत भिंतीतली केबल लावून सेटिंगमधून चित्र ४केवरून खाली १०८० वर आणून बघा.

बाणेरची_नवखी:
केलं. छोट्या केबलवर ४के एकदम मस्त. भिंतीतल्या केबलवर १०८० बिनतक्रार चालतंय, ४के केलं की लगेच ठिपके. म्हणजे काय समजायचं?

रंगीत_टीव्ही:
वायरलेस एचडीएमआय घ्या ना, विषय संपला

पेठेतला_काका:
@रंगीत_टीव्ही आणि गेम खेळताना बटण दाबल्यावर जरा वेळाने गोळी सुटली की पोरगं घर डोक्यावर घेईल त्याचं काय?

वायरिंगवाला_वारजे:
ताई मी हेच काम करतो म्हणून सांगतो. १०८० ला साडेचार गिगाबिटच्या आसपास लागतात, ४के ६० ला त्याच्या चौपट. त्यामुळे केबल पूर्ण तुटलेली नाही, तुटली असती तर १०८० पण आलं नसतं. कुठेतरी चेपलीये नाहीतर आतली फॉइल फाटलीये, आणि कुठे ते सुताराच्या फळीकडे बघून कळतंयच. आता मला दोन गोष्टी सांगा. केबल पाईपमधून आहे का तशीच प्लास्टरमध्ये गाडलीये? टीव्हीमागचा बॉक्स उघडलात की पाईपचं तोंड दिसेल. आणि भिंत विटांची का मायवानची, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून केलेली? तुमच्या बाणेर-बालेवाडीच्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये आतल्या भिंतीपण काँक्रीटच्याच असतात, तिथे झिरी मारणं म्हणजे थेट आरसीसी कापणं, त्या इलेक्ट्रिशियनला भिंतीला हातच लावू देऊ नका.
प्लास्टरमध्ये गाडलेली असेल तर ती केबल मेली समजा, आत राहू दे, वरून पट्टी मारून नवी न्या आणि पट्टीला भिंतीचाच रंग द्या. पाईप असेल तर मात्र नशीबवान आहात.

बाणेरची_नवखी:
नशीबवान! पाईप आहे, वर २५ लिहिलंय. भिंत मायवान, पाईप बिल्डरनेच कास्टिंगच्या वेळी टाकलेला. पण दोन्हीकडून ओढून बघितलं, केबल जागची हलत नाही.

वायरिंगवाला_वारजे:
कशी हलेल, सुताराचा स्क्रू पाईपमध्ये घुसून तिच्या उरावर बसलाय. आधी फळी काढा, स्क्रू आणि फिशर (भोकातला प्लास्टिकचा गुट्टा) दोन्ही बाहेर काढा. करायच्या आधी त्या भिंतीवरचा एमसीबी पाडा, शेजारून लाईटचा पाईप जात असेल तर सांगता येत नाही.
मग जुन्या केबलचं टीव्हीकडचं डोकं कापून तिथे नायलॉनची दोरी बांधा, टेप निमुळती गुंडाळा म्हणजे बेंडला अडकणार नाही, आणि कपाटाकडून जुनी ओढून घ्या. दोरी आत राहिली की अर्धं काम झालं. नवी केबल १० मीटरला तांब्याची घेऊ नका, ऑप्टिकलवाली घ्या, म्हणजे प्रकाशाने सिग्नल नेणारी, आणि डोकं सुटं होणारी बघा. २५ चा पाईप म्हणजे बाहेरून २५ मिलिमीटर, आतून जेमतेम २१-२२, नेहमीचं एचडीएमआयचं डोकं सरळ पाईपमधूनच मुश्किलीने जातं, बेंडला तर अडकणारच. सुट्या डोक्यावाल्यांना टोकाला बारीक मायक्रो एचडीएमआय असतं. तपकीर गल्लीत विचारा, दोन-तीन दुकानं फिरा, पहिल्याच दुकानात पाकीट काढू नका. ओढताना अंगाला लावायची पावडर मारा केबलला, तेल नको. आणि ऑप्टिकल कुठे दुमडू देऊ नका, आत काच असते.

बाणेरची_नवखी:
रविवारचा रिपोर्ट. स्क्रू काढला तर त्याच्या आट्यांत चंदेरी फॉइलचे तुकडे अडकलेले!! फोटो काढून सुताराला पाठवला, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. मग नवरा कपाटाकडून ओढतोय, मी टीव्हीकडून दोरी सोडतेय, सासरे मध्ये उभे राहून "हळू, हळू". जुनी केबल बाहेर आली, तिला बरोबर फळीच्या उंचीवर तांदळाएवढं भोक आणि आतल्या दोन बारीक तारा उघड्या. नवी केबल कपाटाकडच्या दोरीला बांधून टीव्हीकडे ओढून घेतली, अर्धा डबा पावडर संपली, घरभर बाळंतिणीच्या खोलीसारखा वास. सुटी डोकी लावली, टीव्ही चालू केला... नो सिग्नल. १०८० पण नाही, काहीच नाही. रडायची वेळ आलीये.

वायरिंगवाला_वारजे:
दुमडली नाही ना कुठे? नसेल तर कपाटातल्या टोकावर काय लिहिलंय ते वाचा. ऑप्टिकल एकाच दिशेने चालते, सोर्सचं टोक बॉक्सकडे, डिस्प्लेचं टीव्हीकडे. हे मी आधीच सांगायला हवं होतं, चुकलंच माझं.

बाणेरची_नवखी:
कपाटातल्या टोकावर डिस्प्ले लिहिलंय.

पेठेतला_काका:
ओढा परत. आणि या वेळी केबलबरोबर एक जास्तीची दोरी आत सोडून ठेवा.

बाणेरची_नवखी:
ओढली. रात्री पावणेअकराला ४के आलं, अर्धा तास झाला, एक ठिपका नाही. दोरी आत ठेवलीये. फळी अजून जमिनीवरच आहे, सासरे म्हणतायत ती मी चिकटवतो, स्क्रू नको.