शाळेतल्या दादाला तुम्ही कसं तोंड दिलंत?

रंकाळाकाठ
आमचं पोरगं आठवीत. पुस्तक दिसलं की जांभया. परवा करवीर नगर वाचन मंदिरातून आणलेली एक पातळ गोष्ट मात्र एका बैठकीत संपवली आणि म्हणालं, "शेवट खोटा हाय. एक ठोसा खाल्ला म्हणून असली पोरं गप्प बसत नसतात."
मला आमचा मागच्या बाकावरचा दादा आठवला. डब्यातला पहिला घास त्याचा. भाकरी असली तर घास, पोळी असली तर अख्खा डबा. एकदा मी भाजीच्या खाली जहाल खर्डा भरून नेला. गड्यानं बोटं चाटून खाल्लं, वर "उद्यापण आण" म्हणाला. शेवटी आम्ही तिघं शिक्षकांच्या खोलीसमोरच्या कट्ट्यावर डबे खायला लागलो. तिथं तो फिरकलाच नाही. तुमचं सांगा.

पेठेतला_गडी
कोल्हापुरात खर्ड्याला कोण भितंय भावा, हाहाहा

सायली_मं
कुकर लावून लिहितेय. मुलींच्यातली दादा मारत नसते. कुणी कुणाशी बोलायचं ते ठरवते. माझ्या कंपासपेटीला हात लागला की चौघी स्कर्टला हात पुसायच्या. एकदा मोकळ्या तासाला मोठ्यानं विचारलं, "हात का पुसलास? सांग सगळ्यांना." तिला काही सुचेना. पुसणं थांबलं, बोलणं काही सुरू झालं नाही. यावर कोण गोष्ट लिहीत नाही.

लाल_माती
मला बाबांनी तालमीत घातलं. वस्ताद म्हणाले, बाहेर हात उचललास तर आखाड्यात पाऊल टाकायचं नाही. झाली का पंचाईत! पुढच्या महिन्यात तोच दादा तालमीत हजर. वस्तादांनी आमचीच जोड लावली. तिथंपण त्यानं मला चितपट केलं. फक्त तिथं वस्ताद बघत होते.

पेठेतला_गडी
कुठली तालीम? आज स्टेडियमवर मॅच हाय, येतोयस काय

गप्प_बसलेला
मी काहीच केलं नाही. शाळा बदलली. अशा पोराची पण गोष्ट असू दे.

सायली_मं
@गप्प_बसलेला असू दे दादा. त्या वयात शाळा बदला म्हणून घरात सांगणं पण सोपं नसतंय.

खडू_डस्टर
मी माध्यमिकला शिकवते. न वाचणारी पोरं गोष्टीला कंटाळत नाहीत, पहिल्या चार पानांच्या वर्णनाला कंटाळतात. अशी गोष्ट कुणी लिहिणार असेल तर भांडणापासून सुरू करा, प्रकरणं दोन-तीन पानांची ठेवा, बोलणं पोरांचं असू दे. गोष्टीतले सर दरवेळी बिनकामाचे का असतात? पोरं ते वाचतात आणि आम्हाला सांगायचंच सोडून देतात. सांगायला कुणीच नसेल तर १०९८ हा मदतीचा फोन नंबर आहे, मुलांसाठीच, पैसे लागत नाहीत. आमच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला असतो. आणि शेवटी तात्पर्य घालू नका हो, तिथं पुस्तक मिटतं.

लाल_माती
वाचन मंदिर १८५० सालचं हाय, माहीत हाय काय? आज्जा पण तिथलाच सभासद होता. मॅचला नाही जमत, गुडघा धरलाय.

उद्यमनगरवाला
आमचा दादा आता नगरसेवक झालाय. जास्त बोलत नाही.

पेठेतला_गडी
कुठला वॉर्ड?

उद्यमनगरवाला
गप की. नळाचं कनेक्शन त्याच्याकडंच अडकलंय.