वर येताना बोया कधी सोडावा?

प्रश्न (शहापूर, बेळगाव): आम्ही मालवणला स्कूबा डायव्हिंगसाठी जाणार आहोत. वर बोटींची वर्दळ असताना फुगवण्याचा बोया (पाण्याखालून दोरीने वर सोडायचा, आपली जागा दाखवणारा तरंगता फुगा) नेमका कधी सोडावा?

उत्तर (खानापूर): वर येताना सुरक्षिततेसाठी 5 मीटर खोलीवर 3 मिनिटे थांबतात, त्यापूर्वीच सोडावा, म्हणजे आपण वर येण्याआधी तो खांबासारखा उभा नारिंगी बोया बोटवाल्याला दिसतो. हवा बेतानेच भरावी; 10 मीटरवरची हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा व्यापते.

उत्तर (निपाणी): बोयाच्या दोरीचे रीळ अंगाला अडकवू नये, कारण दोरी गुंतल्यास बोया आपल्यालाच वेगाने वर ओढतो आणि फुफ्फुसांना इजा होऊ शकते. आपण विहिरीत पोहायला शिकलेली माणसे. डोक्यावरून बोट जाईल, हे आपल्या ध्यानात येत नाही.

प्रश्नकर्ता: खाली पाणबुडे आहेत हे सांगणारा निळा-पांढरा झेंडा बोटीवर असला तरीही बोया हवाच का?

उत्तर (खानापूर): होय. झेंडा बोटीची जागा सांगतो, प्रवाहाने दूर गेलेल्या माणसाची नव्हे.